हलके वल्हे : गोसीखुर्द जलाशयावरील एका साध्या साधनाचा अभ्यास

वैनगंगा ही पूर्व विदर्भाची जीवनवाहिनी होय. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावून ती भंडारा जिल्ह्यातून वाहत जाते आणि पुढे वर्धा नदीशी तिचा संगम होऊन प्राणहिता नदी तयार होते. या नदीवर भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे उभारण्यात आलेल्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. प्रकल्पास इंदिरासागर असे नाव देण्यात आले, आणि २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरहून अधिक लांबीचे हे धरण ३३ दरवाजांचे असून भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर क्षेत्र ओलिताखाली आणण्याचे उद्दिष्ट त्यामागे आहे.

धरणाचा विचार करताना कालवे, सिंचन, पुनर्वसन आणि वीज यांची चर्चा होते, आणि ते योग्यच आहे. तथापि नदीचा जलाशय झाला म्हणजे काठावरील माणसाच्या हातातील साधनेही बदलावी लागतात, या गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. वैनगंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. जाळे, डोंगा आणि वल्हे ही त्यांची तीन मुख्य साधने. यांपैकी जाळे आणि डोंगा यांविषयी बोलले जाते. वल्हे मात्र एखाद्या काठीसारखे दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या वल्ह्याचाच विचार केला आहे. घरच्या घरी, थोडक्या हत्यारांनी व लहान तुकड्यांतून हलके आणि टिकाऊ वल्हे कसे तयार करता येते, आणि त्यासाठी शाळा व ग्रामपंचायती काय करू शकतात, हे येथे पाहावयाचे आहे.

नदी आणि जलाशय

वाहत्या नदीत उन्हाळ्याच्या दिवसांत पाणी उथळ असते. अशा पाण्यात लांब बांबू तळाला टेकवून डोंगा पुढे ढकलता येतो. या रीतीत बळ लागते, परंतु तळाचा आधार असल्याने प्रत्येक रेटा पूर्णपणे कामी येतो. शिवाय एका दिशेला जाताना प्रवाहाची मदत मिळते.

जलाशयात हे दोन्ही आधार नाहीसे होतात. जुन्या पात्राच्या जागी पाणी इतके खोल असते की, बांबू तळापर्यंत पोहोचत नाही. प्रवाह मंदावलेला असतो. पाण्याचा पृष्ठभाग विस्तीर्ण असल्याने वाऱ्याला अडवणारे काही नसते आणि लाटा उठतात. काठ दूर गेल्यामुळे जाळ्यापर्यंतचे अंतर वाढते. पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात. त्यातच नागपूर शहरातून येणाऱ्या नाग नदीचे दूषित पाणी कन्हान नदीमार्गे वैनगंगेत मिसळत असल्याने जलपर्णीच्या वाढीला खतपाणी मिळते. अशा पाण्यात डोंगा हाकण्यासाठी वल्ह्यावरच संपूर्ण भिस्त ठेवावी लागते.

जड वल्ह्याने माणूस लवकर थकतो. थकलेला माणूस वाऱ्यापुढे हतबल होतो आणि डोंगा आडवा फिरून लाटेच्या तावडीत सापडण्याचा धोका निर्माण होतो. वैनगंगेवरील जलप्रवास किती जोखमीचा असू शकतो, याची जाणीव जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात झालेल्या दुर्घटनेने करून दिली. तेथे नदी ओलांडणारी नाव उलटून शेतमजूर महिलांना प्राण गमवावे लागले. चांगले वल्हे हा सर्व अपघातांवरील उपाय नव्हे. परंतु नाव ताब्यात ठेवण्याचे जे थोडे मार्ग नावाड्याच्या हाती असतात, त्यांपैकी वल्हे हा पहिला होय.

वजनाचे गणित

वल्हे हलके असावे, असे म्हणताना नेमका किती फरक पडतो, हे आकड्यांनी पाहणे उपयुक्त ठरेल. साधारण गतीने वल्हवणारा माणूस मिनिटाला सुमारे ३० वेळा वल्हे पाण्यातून उचलतो, असे धरू. म्हणजे तासाला १,८०० वेळा. एका वल्ह्याचे वजन दुसऱ्यापेक्षा ३५० ग्रॅमने कमी असेल, तर एका तासात एकूण ६३० किलो वजन कमी उचलावे लागते. दोन तासांच्या फेरीत हा आकडा बारा क्विंटलच्या वर जातो. खांदा, मनगट आणि पाठ यांवरील हा भार दररोजचा असल्यामुळे त्याचा परिणाम केवळ त्या दिवसाच्या थकव्यापुरता राहत नाही.

दुसरी गोष्ट वजन कोठे आहे, याची. वल्हवताना वरचा हात मुठीवर असतो आणि खालचा हात पात्याच्या थोडा वर दांड्यावर असतो. पाते हातांपासून सर्वांत दूर असल्याने तेथील प्रत्येक ग्रॅम अधिक जाणवतो. तरफेचा नियम येथे प्रत्यक्ष दिसतो. याउलट दांडा वाकण्याचा सर्वांत मोठा ताण खालच्या हाताजवळ येतो. यावरून वल्ह्याच्या रचनेचे सूत्र आपोआप मिळते : दांडा बळकट लाकडाचा आणि पाते हलक्या लाकडाचे असावे.

लाकडाची निवड

आपल्या जंगलांतील लाकडांच्या वजनात मोठा फरक आहे. वाळलेल्या लाकडाचे एक घनमीटर घेतले, तर ऐनाचे वजन साधारण ८५० किलो, सागाचे साधारण ६५० किलो आणि शिवणीचे ४५० ते ५०० किलोच्या आसपास भरते. झाडाचे वय आणि जमीन यांनुसार हे आकडे कमीअधिक होतात, परंतु क्रम बदलत नाही.

ऐन बळकट आहे, पण वल्ह्यासाठी जड. काटेसावरीचे लाकूड अत्यंत हलके असले, तरी ते मऊ असते आणि ओलाव्यात लवकर कुजते. साग वजनाने मध्यम, सरळ रेषांचा आणि पाण्यात टिकणारा असल्यामुळे दांड्यासाठी उत्तम ठरतो. शिवण हलकी असून वाळल्यावर फारशी आक्रसत किंवा पिळत नाही. रंध्याला ती सहज वळते. म्हणून पात्याच्या दोन्ही बाजूंसाठी शिवण घ्यावी. जगात इतरत्रही हाच विचार दिसतो. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी लोकांच्या होड्यांसाठी ॲश व मेपल यांसारख्या चिवट लाकडाची, तसेच स्प्रूस व सीडर यांसारख्या हलक्या लाकडाची वल्ही करण्यात येत असत. आजचे कारागीरही दोन प्रकारची लाकडे चिकटवून वल्हे तयार करतात.

तुकडा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, लाकडाच्या रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाव्यात. रेषा तिरप्या होऊन बाजूने बाहेर पडत असतील, तर दांडा नेमका त्या ठिकाणी फाटतो. दुसरी, दांड्यात गाठ नसावी. पात्यात लहान, घट्ट गाठ एखादे वेळी चालते, परंतु कडेला नको. तिसरी, लाकूड पूर्ण वाळलेले असावे. वाळले की नाही, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे तुकडा सावलीत ठेवून दर आठवड्याला तोलणे. वजन उतरणे थांबले की लाकूड कामास तयार झाले, असे समजावे.

लाकूड कायदेशीर मार्गानेच घेतले पाहिजे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, ऐन, बीजा, हलदू, तिवस आदी वृक्ष खाजगी जमिनीवर असले, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जलाशयाच्या परिसरात २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झालेले आहे. तेथून लाकूड आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वल्ह्यासाठी मोठा ओंडका लागत नाही, ही या रीतीची जमेची बाजू होय. परवानाधारक आरागिरणीत किंवा फर्निचरच्या कारखान्यात उरलेल्या पट्ट्या पुरतात. खरेदीची पावती मात्र जपून ठेवावी.

मापे ठरविणे

वल्ह्याची लांबी माणसाच्या उंचीवर नव्हे, तर बसण्याच्या रीतीवर ठरते. पाते पूर्ण बुडाल्यावर वरची मूठ नाकाच्या पातळीला असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून डोंग्यात नेहमीच्या जागी बसून आसनापासून नाकापर्यंतची उंची मोजावी. तीत आसनापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर मिळवावे. ही बेरीज म्हणजे मुठीपासून पात्याच्या गळ्यापर्यंतची लांबी. उदाहरणार्थ, पहिले माप ७० सें.मी. आणि दुसरे १८ सें.मी. असेल, तर दांडा ८८ सें.मी. भरेल. त्यात पात्याची ४८ सें.मी. लांबी मिळविली की संपूर्ण वल्हे १३६ सें.मी. होते. उभे राहून वल्हवणाऱ्यास याहून लांब वल्हे लागेल, हे उघड आहे.

पात्याची रुंदी १८ सें.मी. ठेवावी. पाते फार रुंद केल्यास प्रत्येक ओढीला जोर अधिक लागतो, वारा पात्यावर भरतो आणि जलपर्णीत ते अडकते. कमी रुंदीच्या पात्याने ओढी थोड्या जास्त घ्याव्या लागतात, परंतु दूरच्या फेरीत तेच सोयीचे ठरते.

साहित्य पुढीलप्रमाणे लागेल : १३६ सें.मी. लांब व ३२ मि.मी. चौरस जाडीची सागाची एक पट्टी, ५० सें.मी. लांब, ७५ मि.मी. रुंद व २० मि.मी. जाड अशा शिवणीच्या दोन पट्ट्या. मुठीच्या बाजूंना लावण्यासाठी १० सें.मी. लांबीचे दोन लहान तुकडे, जलरोधक सरस, आणि जवसाचे तेल. हत्यारांमध्ये करवत, रंधा, पटाशी, कानस, गुण्या, खतकस आणि काचकागद एवढे असले म्हणजे पुरे. शिकंजे नसल्यास दोर व लाकडी पाचरी यांवर काम भागते.

बांधणीची रीत

प्रथम सागाच्या पट्टीच्या चारही बाजूंवर मधोमध सरळ रेषा आखावी. पुढील सर्व काम या मध्यरेषेवर अवलंबून असल्याने येथे घाई करू नये.

त्यानंतर शिवणीच्या दोन्ही पट्ट्यांच्या जोडावयाच्या कडा रंध्याने अगदी सरळ कराव्यात. दोन कडा एकमेकींना लावून उजेडाकडे धराव्यात. मधून प्रकाश दिसला, तर पुन्हा रंधा फिरवावा. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे जुन्या पृष्ठभागावर सरस नीट धरत नाही. म्हणून सागाची बाजू त्याच दिवशी ताजी रंधून, थिनरच्या फडक्याने पुसून, कोरडी झाल्यावर लगेच सरस लावावा.

सपाट फळीवर कागद अंथरून सागाची पट्टी मध्ये आणि शिवणीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात. सागाची जाडी ३२ मि.मी. आणि शिवणीची २० मि.मी. असल्यामुळे शिवणीखाली ६ मि.मी. जाडीच्या चिपा सरकवाव्यात, म्हणजे त्या सागाच्या बरोबर मध्यावर येतात. वरच्या टोकाला मुठीचे तुकडेही याच वेळी चिकटवावेत. मग दोराचे वेढे घालून पाचरी ठोकाव्यात. सांध्यातून सरस सर्वत्र सारखा बाहेर दिसला, म्हणजे दाब पुरेसा आहे असे समजावे. फार ठोकल्यास सर्वच सरस बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. जोड निदान चोवीस तास हलवू नये.

सरस वाळल्यावर जाड कागदाचा अर्धा नमुना कापावा. तो मध्यरेषेला लावून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे आखला की, पाते दोन्ही बाजूंनी सारखे येते. टोक गोलसर ठेवावे. अणकुचीदार टोक दगडावर लवकर फुटते. आखलेल्या रेषेच्या किंचित बाहेरून करवत चालवून उरलेला भाग रंध्याने व कानशीने काढावा.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे. पात्याच्या कडेवर मधोमध सहा मि.मी. अंतराच्या दोन समांतर रेषा खतकसाने आखाव्यात. ही कडेची अंतिम जाडी होय. मधल्या कण्यापासून या रेषांकडे उतार देत दोन्ही बाजूंनी लाकूड काढावे. कणा गळ्याजवळ दांड्याएवढा जाड आणि टोकाकडे कमी होत जाऊन सुमारे १० मि.मी. उरावा. वल्ह्याचे वजन येथेच कमी होते. नवशिके कारागीर भीतीपोटी येथे लाकूड जास्त ठेवतात आणि वल्हे जड होते. कणा शाबूत असेल, तर कडा पातळ केल्याने बळ फारसे कमी होत नाही.

दांडा गोल करण्याची रीत सुतारांच्या परिचयाची आहे. चौरस पट्टीच्या प्रत्येक बाजूवर दोन्ही कोपऱ्यांपासून साडेनऊ मि.मी. अंतरावर रेषा आखावी आणि कोपरे त्या रेषांपर्यंत रंधून काढावेत. चौरसाचा अष्टकोन तयार होतो. अष्टकोनाचे कोपरे हलकेच काढले की सोळा बाजू होतात आणि मग काचकागदाने दांडा गोल येतो. गोल झाल्यावर त्याचा व्यास सुमारे ३० मि.मी. भरावा. मूठ तळहातात भरेल अशी, वरून गोलसर व दोन्ही बाजूंना उतरती ठेवावी. कोठेही धार राहू देऊ नये.

या मापांनी तयार झालेल्या वल्ह्याचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. हेच वल्हे त्याच मापांत संपूर्ण ऐनाचे केले असते, तर ते सव्वाअकराशे ग्रॅमच्या आसपास गेले असते. वर दिलेले ३५० ग्रॅमचे गणित याच फरकावर आधारलेले आहे. वाकसाने ओबडधोबड तासलेले जाड वल्हे यापेक्षाही पुष्कळ जड असते.

ज्यांना सागाची लांब पट्टी मिळत नाही, त्यांना दांड्यासाठी पक्व, भरीव बांबू वापरता येईल. बांबूच्या टोकाला खाच पाडून त्यात पाते बसवावे आणि दोन ठिकाणी सुतळीने घट्ट आवळावे. खाचेच्या वर एक वेढा अवश्य द्यावा, अन्यथा बांबू उभा फाटतो. बांबूला पोखरणाऱ्या किडीचा उपद्रव होतो आणि असा दांडा अधूनमधून बदलावा लागतो. परंतु तो स्वस्त आहे. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आल्याने शेताच्या बांधावरील बांबू वापरणे सुलभ झाले आहे.

पारख

पाण्यात नेण्यापूर्वी वल्ह्याची जमिनीवर परीक्षा घ्यावी. दांडा सुमारे ९० सें.मी. अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मधोमध २५ किलो धान्याचे पोते अलगद टांगावे. चांगला सागाचा दांडा साधारण एक सेंटिमीटर वाकतो आणि वजन काढताच पुन्हा सरळ होतो. कडकड असा आवाज आला, दांडा वाकलेलाच राहिला किंवा रेषेत चीर दिसली, तर ते वल्हे वापरू नये. अशा वल्ह्याची जागा डोंग्यात नव्हे, चुलीत आहे.

दुसरी परीक्षा तोलाची. गळ्याच्या थोडे वर एका बोटावर दांडा तोलून पाहावा. तोलाचा बिंदू पात्याच्या फार जवळ आला, तर पात्यातील लाकूड आणखी काढण्यास वाव आहे, असे समजावे.

तेल आणि निगा

लाकडाचा शत्रू पाणी एवढाच नसून, वारंवार भिजणे व वाळणे हा आहे. त्यासाठी विदर्भातील शेतकऱ्याच्या ओळखीचे जवसाचे तेल उपयोगी पडते. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडात मुरते. बाजारात रंगकामासाठी मिळणारे उकळलेले जवसाचे तेल लवकर वाळते. फडक्याने पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने वरचे तेल पुसून काढावे आणि एक-दोन दिवस वाळू द्यावे. असे तीन हात पुरेसे होतात. पात्यावर त्यानंतर व्हार्निश लावण्यास हरकत नाही. हात जेथे असतात तेथे मात्र व्हार्निश लावू नये. गुळगुळीत थरावर ओल्या तळहाताला फोड येतात.

येथे एक धोका ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम संपताच फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. शाळेत हा उपक्रम घेताना या सूचनेचे पालन झालेच पाहिजे.

वल्हे उन्हात भिंतीला टेकवून ठेवू नये. ते वाकते. सावलीत दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तेलाचा हात द्यावा. टोकाला ओरखडे पडल्यास तो भाग घासून पुन्हा तेल लावावे, कारण तेथूनच पाणी आत शिरते.

वापरातील दक्षता

प्रत्येक डोंग्यात दोन वल्ही असावीत. जलाशयाच्या मध्यावर एकुलते एक वल्हे हातातून निसटले किंवा मोडले, तर डोंगा संपूर्णपणे वाऱ्याच्या स्वाधीन होतो. हे वल्हे लाकडी असल्याने तरंगते. मुठीला पिवळा किंवा तांबडा रंग दिल्यास ते दुरून दिसते. जीवरक्षक जाकीट अंगात घालावे. ते डोंग्यात नुसते ठेवून काही उपयोग नाही. धरणाचे दरवाजे उघडण्याचा इशारा असताना धरणालगतच्या पाण्यात वा खालच्या पात्रात डोंगा नेऊ नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत केलेली हानी सर्वांच्या स्मरणात आहे. अशा प्रसंगी काठावरील गावांत सुस्थितीतील डोंगे व वल्ही असणे, ही आपत्ती निवारणाचीही गरज ठरते.

शाळा आणि ग्रामपंचायती यांचे कार्य

हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी तो देशापुढे मांडला आणि त्यातून नयी तालीमची वाटचाल सुरू झाली. कार्यानुभवाच्या तासाला वल्ह्यासारखी वस्तू घेतल्यास गणित, विज्ञान आणि परिसर यांचा सुंदर मेळ साधता येतो. घनफळ आणि घनता यांवरून वजनाचा अंदाज करणे, चौरसातून अष्टकोन काढणे, तरफेचा नियम तपासणे, लाकडाच्या रेषा ओळखणे हे सर्व पाठ एका वल्ह्यात सामावलेले आहेत. धारदार हत्यारांचे काम गावातील सुताराने करावे आणि विद्यार्थ्यांनी आखणी, मोजणी, घासकाम व तेलकाम करावे, अशी वाटणी योग्य होईल. ज्या मुलाच्या घरी डोंगा आहे, त्याच्या ज्ञानाला वर्गात मान मिळेल, हा लाभही लहान नव्हे.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना लक्षात घेण्यासारखी आहे. या योजनेत समाविष्ट केलेल्या १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतार, नाव बांधणारे आणि मासेमारीचे जाळे विणणारे या तिन्ही कारागिरांचा अंतर्भाव आहे. प्रशिक्षण, प्रशिक्षण काळातील विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि सवलतीच्या व्याजदराने कर्ज अशी तिची रचना आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते. आपल्या गावात डोंगा बांधणारा किंवा दुरुस्त करणारा कारागीर कोण आहे, याची नोंद ग्रामपंचायतीकडे असेल, तरच तो अशा योजनेपर्यंत पोहोचू शकेल. अनेकदा असा माणूस शेतमजूर किंवा मच्छीमार म्हणूनच ओळखला जातो आणि त्याच्या हातातील कसब कोणत्याही यादीत येत नाही.

मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांनाही या कामी पुढाकार घेता येईल. दहा-बारा वल्ह्यांचे लाकूड एकत्र खरेदी केल्यास ते स्वस्त पडते. एक नमुना तयार करून संस्थेच्या कार्यालयात ठेवावा, त्याची मापे भिंतीवर लावावीत, आणि खतकस, रंधा व शिकंजे यांचा एक संच सभासदांना वापरण्यास द्यावा. लागणारा खर्च मर्यादित आहे. लाभ मात्र प्रत्येक फेरीत मिळणारा आहे.

मोठा प्रकल्प लोकजीवनात रुजतो, तो अशा लहान गोष्टींतून. आंभोरा येथे वैनगंगेवरील नवा पूल २०२४ साली वाहतुकीस खुला झाला आणि पलीकडे जाण्यासाठी नावेवर अवलंबून राहण्याची गरज तेथे कमी झाली. मासेमारीसाठी मात्र डोंगा राहणारच आहे. ज्या पाण्याने अनेक गावांची जुनी वस्ती व शेती पोटात घेतली, त्याच पाण्यावर पुढच्या पिढीला उपजीविका करावयाची आहे. तिच्या हाती सागाच्या दांड्याचे व शिवणीच्या पात्याचे पाऊण किलोचे वल्हे देणे कठीण नाही. त्यासाठी लागणारे लाकूड, तेल आणि कसब या तिन्ही गोष्टी जिल्ह्यातच उपलब्ध आहेत. त्यांची सांगड घालण्याचे काम शाळा, संस्था व पंचायती यांनी हाती घ्यावयाचे आहे.